मिस्किटा मॅडमनी स्वतःहून कमी केलेली सायटेशन्स

त्या दिवशी आमची जीप आरे कॉलनीच्या रस्त्यात बंद पडली आणि आम्ही गोठ्यावर पहाटेऐवजी भर दुपारी पोचलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जीप वेळेवर पोचली असती तर मिस्किटा मॅडम प्रोफेसर झाल्या असत्या... असं मी पुढे कित्येक वर्षं म्हणायचे.

मी तेव्हा उपनगरातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते, दहिसरहून यायचे. मॅडम मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिश्चन, आणि छातीच्या डॉक्टर. गवताच्या धुळीने गोठ्यातल्या माणसांचा श्वास कमी होतो का, हा त्यांचा अभ्यास. माझं काम काय, तर फुंकायचं मीटर हातात द्यायचं आणि "जोरात, अजून जोरात" म्हणून ओरडायचं.

गोठेवाले पहाटेचं दूध काढून झालं की मोकळे असत, म्हणून आम्ही कायम तेव्हाच जायचो. तुलनेसाठी मरोळच्या कारखान्यांतले कामगार घेतले होते, ते जेवणाच्या सुट्टीत भेटत. गोठेवाल्यांचा श्वास बराच कमी भरला. मॅडमनी पेपर लिहिला, तो परदेशातल्या जर्नलमध्ये छापून आला... आणि मग काय विचारता.

कुठकुठल्या देशांतून कार्डं यायला लागली. तेव्हा इंटरनेट नव्हतं. पेपर वाचायचा असेल तर लेखकालाच कार्ड टाकून एक प्रत मागवायची पद्धत होती.

आणि आपल्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात केलाय का, म्हणजे सायटेशन मिळालंय का, हे बघायला थेट शहरातल्या लायब्ररीत जाऊन उशीएवढे जाडजूड ग्रंथ उघडावे लागत. अक्षर मुंगीएवढं. त्यात मॅडमच्या नावाखाली ओळीवर ओळी बघून मला घरातलंच कोणी पहिलं आल्यासारखं वाटलं. प्रोफेसरच्या जागेची मुलाखत तोंडावर होती आणि या एका पेपरवर मॅडमची जागा पक्की, असं सगळा स्टाफ धरून चालला होता.

पेपर छापून आल्यावरही आम्ही त्याच माणसांना अधूनमधून तपासायला जायचो. तर ती दुपार... तीच माणसं, तेच मीटर, आणि काटा मात्र नेहमीपेक्षा पुढे. मला वाटलं, मीटरची वाट लागली. मॅडमनी उरलेल्यांनाही फुंकायला लावलं. शेवटच्या माणसाचं फुंकून झाल्यावर म्हणाल्या, "सुलू, आपण चुकलो गं. पहाटे कोणाचाही श्वास कमीच भरतो."

गोठेवाल्यांची पहाट आणि कारखानेवाल्यांची दुपार आम्ही एकाच तराजूत घातली होती. इतकी साधी गोष्ट, पण आमच्या डोक्यात आली नाही आणि जर्नलवाल्यांच्याही नाही. मग सगळ्यांना दोन्ही वेळा फुंकायला लावलं. फरक उरला, पण अर्धाच. धूळ वाईट होतीच, फक्त आम्ही छापलं होतं तेवढी नाही.

मॅडमनी लगेच दुसरा पेपर लिहायला घेतला. त्याचं सार एवढंच, की आमच्या पहिल्या पेपरात चूक आहे. हे कानावर गेल्यावर आमचे हेड स्वतः लॅबमध्ये आले. माणूस वाईट नव्हता, खरं तर मॅडमच्या काळजीनेच बोलत होता.

"तुम्हाला कोणी विचारलंय का, डॉक्टर? आधी मुलाखत होऊ दे, मग छापा ना."

"तोपर्यंत आणखी चार लोक माझ्या नावावर चुकीचं लिहितील, सर," मॅडम म्हणाल्या आणि पुढचं पान टाइपरायटरला लावलं.

मुलाखतीत त्यांना विचारलं, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं? बाईंनी हा दुसरा पेपर पुढे केला. जागा दुसऱ्याला गेली. मी लॅबमध्ये रडले, जीपच्या ड्रायव्हरला उगाच शिव्या घातल्या. मॅडमना वाईट वाटलं नाही असं मुळीच नाही.

पण खरी कमाल पुढे आहे. वर्षभराने आम्ही पुन्हा लायब्ररीत गेलो, तर लोक अजून जुनाच पेपर उचलत होते. मॅडमनी एकेकाचं नाव उतरवून घेतलं आणि प्रत्येकाला पत्र धाडलं, की कृपा करून माझा तो पेपर वापरू नका, सोबत नवा पाठवतेय. तिकिटं चिकटवता चिकटवता माझं डोकं फिरलं. म्हटलं, मॅडम, लोक सायटेशनसाठी जीव टाकतात आणि तुम्ही पदरची तिकिटं लावून आपली कमी करताय?

त्या हसल्या. "अगं, चुकीच्या गोष्टीसाठी आठवण काढतायत माझी. त्यात कसला आनंद?"

एकदा उत्तर आलं. पुस्तक छपाईला निघालं होतं, तुमच्या पत्रामुळे तेवढा भाग काढून टाकला, आभार. त्या दिवशी मॅडमचा चेहरा बघण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे लग्नाकार्यात तळतात ते गोडसर फुगे डबा भरून आणले आणि सगळ्या लॅबला खायला घातले. प्रोफेसर झाल्या असत्या तरी याहून वेगळं काय केलं असतं...

परवा भाची आली होती. पीएचडी करते, दिवसभर तोंडात सायटेशन. म्हटलं, बघ गं, आमच्या मॅडमचं नाव मोबाइलवर सापडतं का. सापडलं. वर जुना पेपर, आकडा दणदणीत. नवा पार खाली, आकडा किरकोळ. भाची म्हणाली, "मावशी, एकच पेपर गाजला ना गं यांचा."

त्या पत्रांमुळे जे उल्लेख कधी छापलेच गेले नाहीत, ते कुठला मोबाइल मोजणार? मॅडम आता नाहीत. माझ्याशिवाय हे सांगायला कोणी उरलंय असंही वाटत नाही, म्हणून इथे लिहिलं.

गाजला तो त्यांचा चुकलेला पेपर होता. ती चूक जगाला दारोदार जाऊन सांगणाऱ्या बाईच्या हाताखाली मी काम केलंय... माझं भाग्य.