वाळलेला पाला

लहानपणी मला धीर नावाची गोष्ट माहीतच नव्हती. चुलीवरची भाकरी उलटायच्या आधीच तिच्याकडे हात जायचा आणि बोट भाजलं की राग भाकरीवर निघायचा. अशा पोरीच्या हाती मायनं हळद सोपवली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी चौथीत होते. वसमतकडच्या आमच्या गावातून दसरा झाला की माय आणि बाबा ऊस तोडायला जायचे, ते शिमग्याच्या आसपास परत यायचे. मी काकीकडे राहायची, शाळेसाठी. त्या वर्षी मी हट्टच धरला, मलाही न्या म्हणून. मायनं पावसाळ्यात तेलाच्या जुन्या डब्यात हळदीचं बेणं लावलं होतं, ते तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"हिला सांभाळ. पाला वाळला की हळद पिकली समजायचं. तवर आमी येतोच. नीट आणलीस तर तू मोठी झालीस म्हणीन, मंग पुढच्या साली संगं नेईन."

ट्रक गेला. मी रोज पाणी घालू लागले. हळद मात्र ढिम्म. माझ्या कमरेएवढी वाढली आणि तिथंच हिरवीगार उभी राहिली. दिवाळी झाली तरी पाला वाळायचं नाव नाही. मला तर रडूच यायचं. मायनं जे सांगितलं होतं त्याचा मी माझ्या डोक्यानं अर्थ लावला. पाला वाळला की माय येणार. मग पाला लवकर वाळवायला काय हरकत आहे?

मी पाणी बंद केलं. काकीनं विचारलं की "घातलं" म्हणायची.

संक्रांतीच्या आतच पानं पिवळी पडली, कडांनी करपली, मग आडवी झाली. मला इतका आनंद झाला की शाळेतून परस्पर फाट्यावर जाऊन बसले. हिंगोलीकडून येणाऱ्या दोन एसट्या गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी काकी मला शोधत आली आणि माझा दंड धरून घरी घेऊन गेली. तिथं मी तिला डबा दाखवला. पाला वाळलाय, मग माय काहून आली न्हाई?

काकीनं मातीत बोटं घातली. हाताला लागली ती करंगळीएवढी, मऊ, फिकट हळद.

"पाणी तोडलंस व्हय ग? ही कच्चीच हाय. वाळली, पिकली न्हाई."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हळद परत मातीत दाबली, वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि कामाला गेली. मी मात्र पुरती घाबरले. आता माय मला कधीच नेणार नाही. त्याहून वाईट म्हणजे पाला वाळूनही ती आली नव्हती, म्हणजे तिच्या येण्याचा काहीच भरवसा उरला नव्हता. मी रोज पाणी घालत राहिले. शिमगा जवळ आला तेव्हा कुठं मातीतून एक टोक वर आलं.

आणि एका दुपारी माय आली. काळी पडलेली, हातांना उसाच्या पाल्याचे चरे. मी तिच्या गळ्यात पडायचं सोडून आधी डब्याचंच सगळं सांगून टाकलं, रडत रडत.

ती म्हणाली, "मी नेणारच नव्हते तुला. शाळा सोडून उसाच्या फडात काय करतीस?"

म्हणजे मला नादी लावलं होतं! पाच महिने मी त्या डब्यापाशी जीव टांगून बसले होते आणि हिला न्यायचंच नव्हतं. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. मी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

मायनं पिशवीतून फ्रॉक काढला. लाल, पांढऱ्या ठिपक्यांचा. "घालून तर बघ."

रागातच घातला. खांदे आवळले, बाह्या दंडात रुतल्या, घेर गुडघ्याच्या वर राहिला. माय बघतच राहिली. मग माझ्यासमोर खाली बसली.

"फडात एक पोरगी होती. तिच्या अंगाला लावून घेतला. बराबर तुझ्याएवढी होती ती." तिनं घेर खाली ओढून पाहिला. "मी जाताना तू जेवढी होतीस, तेवढी."

पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. मायला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला मोठं व्हायचं होतं, आणि मी झालेही होते, पण ते तिला बघायला मिळालं नव्हतं. माझा राग कुठं गेला ते कळलंच नाही.

"बराबर हाय माय," मी म्हटलं आणि दाखवायला म्हणून दोन्ही हात वर केले.

काखेतली शिवण टरकन उसवली. आवाज दोघींनाही आला. माय म्हणाली, "व्हय, बराबर हाय."