तिसरा जोड नाही

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चार दिवसांच्या रजेवर चंद्रपूरजवळच्या मूल या गावी घरी गेलो होतो आणि बॅगेत ऑफिसचं काम… मी तेव्हा अणुऊर्जेच्या क्षेत्रात नवखा इंजिनीअर.

अणुभट्टीच्या गाभ्यात इंधनाच्या नळ्या असतात, उष्णतेने आणि किरणोत्साराने त्या हळूहळू वाकत जातात. त्या किती वर्षांनी बदलायच्या, तो आकडा मला सुचवायचा होता. हिशेबातून निघालेल्या आकड्यात मी पेन्सिलीने एक वर्ष वाढवलं होतं… नळ्या बदलायच्या म्हणजे भट्टी कित्येक महिने बंद, वरिष्ठांचे चेहरे कोण बघणार!

बाबा राईस मिलमध्ये मिस्त्री. इंजिनचा लांबलचक चामडी पट्टा सैल पडला की ते कापून पुन्हा जोडायचे, पण दोनदाच. तिसऱ्यांदा नवाच चढवायचा, कारण वेगात पट्टा तुटला तर जवळच्या माणसाची खैर नसते.

बाबांचा डबा घेऊन गेलो, तर पट्टा नेमका तिसऱ्यांदा सैल पडलेला. बाहेर धानाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची रांग आणि नवा पट्टा आणायचा चंद्रपूरहून. मिलचे मालक शेठ काकुळतीला आले, "मिस्त्री, एक डाव जोडून टाका ना. चांगला त दिसून राह्यला."

मीही पट्टा वाकवून बघितला आणि शहाणपण पाजळलं, "बाबा, एवढा हंगाम सहज काढेल हा."

बाबा पट्टा गुंडाळत म्हणाले, "बाबू, दोन जोडाचा नेम मी मिल रिकामी होती तेव्हा ठरवला. आता बाहेर बंड्या उभ्या हायेत… आता माह्या डोक्याचा भरोसा नाई."

दीड दिवस मिल बंद राहिली. शेठ बाबांशी बोलले नाहीत.

मला मात्र माझं पेन्सिलीतलं वर्ष आठवलं. खरंच लाज वाटली… घरी आल्या आल्या पुतणीच्या दप्तरातून खोडरबर काढला आणि ते खोडून टाकलं. वरिष्ठांची कुरकुर झाली, पण आकडा मी बदलला नाही.

पुढे काही वर्षांनी बाबांनी अचानक काम सोडलं. हात ठणठणीत होते, शेठ स्वतः घरी येऊन विनवून गेले. आई चिडली, "चांगले त आहा अजून, काऊन सोडता?"

"चांगला हावो, म्हणूनच सोडून राह्यलो," बाबा म्हणाले.

कुठे थांबायचं ते आधीच ठरवावं, हे माझ्या अख्ख्या नोकरीत यापेक्षा सोपं करून मला कुणी शिकवलं नाही… थँक्यू, बाबा.