म्हशीचं दावं

नळाला गढूळ पाणी आलं, की त्याच्या वासाने मला डिचोलीजवळच्या आमच्या घरची ती दुपार आठवते. विहिरीचं पाणी अचानक लाल झालं होतं आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघत होती. "खाणीत सुरुंग लायले आसतले, तिका घट्ट बांद," सासूबाई म्हणाल्या. रोजचंच ते, म्हणून मी दुहेरी गाठ मारली. घटकाभराने जमीन हलली. आम्ही सगळे अंगणात धावलो. म्हैस आत हंबरत राहिली, पण दावं सोडायला जायची माझी छाती झाली नाही, आणि गोठ्याची मातीची भिंत तिच्यावर कोसळली. माती उपसली, तेव्हा माझी गाठ तशीच घट्ट होती. शेजारी नवरा फावडं घेऊन उभा होता. खाणीवरचा माणूस दुपारी घरी कसा, हे मला तेव्हा उमगलं. रविवार होता. खाण बंद होती.