बलाकाची एस्नार्ट धामणगावात

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्यात ख्रिस्ती घरं चार. त्यातलं एक शालिग्राम कंपाउंडरचं. त्यांची थोरली लेक अनुपमा नर्स झाली, मिशनच्या दवाखान्यांत बरीच वर्षं राबली, लग्न काही केलं नाही, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "मले आफ्रिकेत पाठवून राह्यले. मलावी म्हणून देश हाये."

आई अन्नपूर्णाबाईंचा भाकर थापायचा हात थांबला. "तिकडं जाऊन काय करशीन?"

"दवाखाना. अन् रविवारी बायांचा बायबलचा वर्ग."

"काऊन? त्याइले येशू माहीत नाई काय?"

"नसन," अनुपमा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

बलाका जिल्ह्यातल्या त्या खेड्यात पहिल्याच रविवारी हा समज गळून पडला. धामणगावात प्रार्थनेला वीस माणसं जमली तरी पाळक खूश. इथं चर्चमध्ये जागा न मिळालेले लोक खिडक्यांशी उभे राहून गात होते, आणि गाणं एकालाही चुकत नव्हतं. अनुपमालाच एकही येत नव्हतं. फोनवर हे ऐकून आई म्हणाली, "मंग तुले कायले धाडलं व माय?"

दवाखान्यात मात्र काम उसंत घेऊ देत नसे. मलेरियाची पोरं, अडलेली बाळंतपणं, दुखणं अंगावर काढून आलेल्या म्हाताऱ्या. लोक आदराने वागत, पण जरा लांबूनच. त्यांनी पाहिलेला प्रत्येक भारतीय दुकानदार होता, त्यामुळे तपासून झालं की हमखास कोणीतरी विचारायचं, "तुमचं दुकान कुठं आहे?"

एस्नार्ट भेटली हातपंपावर. ती शेजारीण. नवरा दक्षिण आफ्रिकेत खाणीवर, ही एकटी कापूस नि मका करायची. अनुपमाने भरलेली बादली डोक्यावर घेतली आणि हात न लावता चालू लागली, तशी एस्नार्ट रांग सोडून तिच्यामागे आली. परदेशी बाई, आणि पाणी वाहता येतं? आता मोताळा तालुक्यात वाढलेल्या पोरीला हे वेगळं शिकवावं लागतं काय!

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. एस्नार्टने तिला भाषा शिकवली, रविवारची गाणी शिकवली, आणि उच्चार चुकला की पोट धरून हसली. अनुपमाने मक्याची भाकर थापून दाखवली. ती खाऊन एस्नार्ट म्हणाली, "चांगल्या पिठाचं तू हे काय केलंस?" तिकडे त्याच पिठाचा घट्ट गोळा करतात, त्याला न्सिमा म्हणतात. अनुपमाला मलेरिया झाला तेव्हा एस्नार्ट अंथरूण घेऊन तिच्याकडेच राहायला आली आणि तो न्सिमा रागावून रागावून भरवत राहिली. बायबलचा वर्ग पुढे एस्नार्टच घेऊ लागली, अनुपमा मागे बसून ऐकायची. तिला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट हायसं वाटलं.

एव्हाना एस्नार्ट दवाखान्यातही हाताखाली येऊ लागली होती. सन २०१७ मध्ये मिशनने दोघींना नागपूरला आरोग्यसेविकांच्या शिबिराला पाठवलं. शिबिर संपल्यावर अनुपमा मैत्रिणीला गावी घेऊन आली. एस्नार्टला इकडची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बघायची होती. भारतातलं बियाणं येणार, त्याला अळी लागत नाही, अशी चर्चा तिच्या गावात चालली होती.

अन्नपूर्णाबाईंनी पाहुणीला पिठलं वाढलं. मोठ्याने बोललं की तिला समजेल असं वाटून त्या वऱ्हाडीतच ओरडून आग्रह करत होत्या. मग आत जाऊन त्यांनी धाकट्या लेकाला, प्रज्वलला, बजावलं, "पाहुणीले वावरात ने, पण रडगाणं नोको सांगू."

प्रज्वलने कमरेएवढी पऱ्हाटी दाखवली. "लय चांगली हाये म्हना तिले." अनुपमाने तसं सांगितलं. एस्नार्ट चार ओळी आत शिरली, एक मिटलेलं बोंड तोडून तिने ते नखाने फोडलं. आतली सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली, आणि मध्ये गुलाबी अळी. दुसरं फोडलं. तेच. तिसरं फोडलंच नाही.

"त्याला विचार, पहिल्यापासून असंच होतं का?"

प्रज्वल बांधावर बसला. "नाई. खोटं कायले सांगू? पहिले काही वर्षं लय पिकलं. हिरवी अळी गेली, फवारे कमी झाले, घरावर स्लॅब पडला. ते बी सांग तिले. मंग ही गुलाबी आली. औंदा त फवारू फवारू डोये सुजले. मागच्या महिन्यात उलट्या होऊन दोन दिवस पडूनच होतो."

अनुपमा सांगता सांगता थांबली. दर आठवड्याला फोन व्हायचा, पण हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाला?" एस्नार्टने विचारलं.

अनुपमाने सांगितलं. एस्नार्ट बोंड खाली टाकून म्हणाली, "मग बियाण्याचं नंतर बघू. आधी त्याचे डोळे बघ."

तिथंच बांधावर अनुपमाने भावाच्या पापण्या वर करून पाहिल्या. हातावरची कातडी सोललेली होती. घरी आल्यावर ती आईवर चिडली. आई शांतपणे म्हणाली, "तू तिकडं समुद्रापल्याड. तुले सांगून तुह्या जिवाले घोरच लागला असता ना?" यावर अनुपमाला रडू आलं. बलाकातल्या बायांना रोज खोदून खोदून विचारणारी ती, भावाला मात्र 'बरा आहेस ना' एवढंच विचारून फोन ठेवायची.

तिने रजा वाढवून घेतली आणि प्रज्वलला बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. सुदैवाने आत काही बिघडलेलं निघालं नाही. एस्नार्ट एकटीच परतली. मलकापूरच्या स्टेशनवर तिने अन्नपूर्णाबाईंना मिठी मारली, तेव्हा त्या लाजून इकडेतिकडे पाहू लागल्या.

गावी जाऊन एस्नार्टने सभेत दोन्ही बाजू सांगितल्या, चांगली वर्षंही आणि बोंडातली अळीही. काहींनी पुढे ते बियाणं घेतलं. तिने स्वतः एका पट्ट्यात पेरलं, बाकी रानात तूर आणि मका. प्रज्वलने पऱ्हाटी लवकर उपटली, दुसऱ्या सालापासून अर्ध्या वावरात मका घेतला. हातमोजे घालतो, तोंडाला फडकं मात्र अजून बांधत नाही. त्यावरून बहीणभावाचं वाजतं.

अनुपमा त्यानंतर आणखी तीन वर्षं बलाकात राहिली. आता ती मलकापुरात एका छोट्या दवाखान्यात आहे. फवारणीच्या दिवसांत सुटी असली की गावोगाव वावरात जाते, माणसांना बांधावर बसवून डोळे नि हात बघते. लोक आधी कुरकुरतात, मग बसतात.