टेबलापर्यंत न पोचलेली बरणी

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी लॅबमध्ये कुणाच्या तरी गाठीची मापं लिहून घेत होते. डॉक्टर सांगत होते, मी लिहीत होते... पुढे काय लिहिलं ते आठवत नाही. दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मला तसलं काही म्हणवत नाही. मला किळस आली आहे आणि ती अजून जात नाही.

अक्का माझी थोरली बहीण, तासगावजवळच्या गावात दिलेली. दाजी फौजेत, कायम बाहेर. त्यामुळे घरचा कारभार थोरल्या दिरांकडे, आबांकडे. अक्का बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसायची. गप्पा मारता मारता नुसत्या बोटांनी तिला काडी, खडा, खराब दाणा कळायचा. मी सांगलीच्या लॅबमध्ये लागले तेव्हा हसून म्हणाली होती, "तुझं नि माझं काम एकच की गं. तू गाठी निवडतीस, मी बेदाणा." त्याच बोटांना एक दिवस छातीतली गाठ लागली. "बेदाण्यापेक्षा मोठी हाय, पन दुखत न्हाई," असं तिनं फोनवर सांगितलं आणि मी तिला हट्टानं डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी गाठ काढली, बरणीत घातली आणि तपासायला सांगलीला न्या म्हणून आबांच्या हातात दिली. मी म्हटलं, आमच्याकडेच आणा. आठवड्यानं आबांचा फोन आला, "दुसरीकडं दिली हुती. नॉर्मल हाय, चरबीची गाठ." मी कागद मागितला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सख्ख्या बहिणीचं मांस आपल्या टेबलावर नको, असं मनात होतंच.

वर्षभरानं काखेत गाठ आली. "हाताला काडी लागली, अवधाण आलं असंल," म्हणून ती हळदीचा लेप लावत बसली. द्राक्षबागेत हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक. शिवाय पहिला रिपोर्ट नॉर्मल होता ना! मला कळवलं तोवर काखेत एकीला एक चिकटून गाठींचा घोस झाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी पहिला रिपोर्ट मागितला. आबा म्हणाले, हरवला. त्या कागदात काय असतं ते मला पाठ आहे. गाठ केवढी, कडा गुळगुळीत की आजूबाजूला घुसलेल्या, पेशी किती बिघडलेल्या, शेजारच्या बारीक नळ्यांत शिरल्यात का... यावरूनच अंदाज येतो, रोग काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला असेल का. आणि मग काख वेळेवर तपासली जाते. अक्कानं मला विचारलं, "तवा नॉर्मल हुतं, मग आता ह्ये कुठनं आलं गं?"

तेराव्याला मी निघताना आबांनी माझ्या हातात प्लॅस्टिकची बरणी ठेवली. "तिनंच निवडल्याला बेदाणा हाय. घिऊन जा." मी झाकण उघडून वास घेतला. बेदाण्याच्या गोड वासाखाली, काढलेल्या गाठी ज्यात बुडवून ठेवतात त्या फॉर्मलिनचा वास होता; तो मी झोपेतसुद्धा ओळखेन. बाहेरून बुडाशी अर्धवट निघालेलं लेबल होतं. त्यावर अक्काचं नाव आणि 'डावा स्तन'. तपासायला दिलेली बरणी लॅबमधून घरी परत येत नसते.

"आबा, ही तपासायला दिलीच नव्हती?"

ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. "घरच्या बाईचं मांस यष्टीतनं मिरवत न्हिऊ व्हय? आनी तुझ्या लॅबातल्या पोरांनी बघायचं? बांधाला पुरलं, हळदकुंकू वाहून. गाठ तर निघाली हुती न्हवं? बरणी चांगली हुती, धुऊन ठिवली."

हळदकुंकू वाहून! त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं मला. त्या घरंदाजपणाची, त्या जपलेल्या अब्रूची, धुऊन ठेवलेल्या त्या बरणीची शिसारी आली. एसटीत बसल्यावर मात्र स्वतःचीच यायला लागली. अक्काची गाठ त्या टेबलावर जाऊ नये, असं आबांना वाटलं आणि मलाही वाटलं होतं. त्यांनी ती पुरली, आणि मी विचारलं नाही.

बरणी मी घरी नेली नाही, लॅबमध्येच ठेवली आहे. आतले बेदाणे खायचे नाहीतच, पण टाकवतही नाहीत. एकेक दाणा निवडलेला, एकालाही काडी राहिलेली नाही. रोज सकाळी तपासायच्या नव्या बरण्या येतात, त्या मी तिच्या शेजारी ओळीनं मांडते... अक्का आली माझ्या टेबलावर, दोन वर्षं उशिरा.