उभ्यानं खेळायचा खेळ

शिवणाच्या बाईंना बास्केटबॉल खेळता येत नव्हता, आणि हे त्या पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून मोकळ्या झाल्या. "मले याच्यातलं काही समजत नाही, पोरींनो. पण बॉल भोकातून जायले पाहिजे एवढं दिसते. सुईत दोरा ओवणं तर माह्यं रोजचंच काम आहे." असं म्हणून त्यांनी पदर खोचला. गळ्यात शिट्टी नव्हती. नेहमीची मोजायची टेप होती.

महाराष्ट्र तेव्हा नवा होता आणि मोताळ्याच्या पुढच्या आमच्या गावातली शाळाही नवी होती. शाळेत बॉल आला, रिंग आली. मुलांना शिकवायला सर होते. मुलींना कोण शिकवणार, म्हणून शिवणाच्या बाई. मैदानाला भिंत नव्हती आणि पलीकडेच आठवडी बाजार भरत असे. हेडमास्तरांनी अट घातली : "मुली पळताना गावाला दिसता कामा नयेत. उभ्या उभ्या काय खेळायचं ते खेळा. बुलढाण्याच्या सामन्यात शोभा झाली, तर बॉल कपाटात."

मी संतापले. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. वडिलांनी आणलेल्या चळवळीच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले होते. त्या रात्रीच मी एक पत्रक लिहिलं. मथळा : 'मुलींनो, पळा!' खाली पाच मागण्या. सकाळी बाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाल्या, "छान लिहिलं. कागदही जाड आहे. कॉलर चांगली बेतता येईन." आणि खरोखरच आमच्या संघाच्या सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी त्या पत्रकावर बेतल्या गेल्या. मी आठवडाभर बाईंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असावं, कारण माझी कॉलर सगळ्यांत सुरेख बसली होती.

उभ्यानं खेळता येण्यासारखं त्या खेळात एकच होतं, फ्री थ्रो. समोरच्यानं फाउल केला की रेषेवर एकटीनं उभं राहायचं आणि कुणाच्याही अडथळ्याविना बॉल टाकायचा. बाईंनी टेपनं अंतर मोजलं, कापडावर खुणा करायच्या खडूनं रेष ओढली. शिकवणं शिवणाचंच. "दोरा ओवताना दोऱ्याकडे पाहतं का कोणी? नजर भोकावर ठेव. श्वास धर. हात आपोआप जाते."

पण त्यांची खरी तऱ्हा बाजाराच्या दिवशी कळली. त्या दिवशी सराव बंद ठेवावा, असं आम्हाला वाटे. बाई मात्र वांगी विकणाऱ्या गंगूमावशीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, माह्या पोरींले जरा चिडव वं. मोठ्यानं." मावशीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"अवं, बॉल हाय का शेनाचा पो? कशी धरते पाह्य!"

"असा नेम असन, तं चुलीत लाकूड बी जानार नाही तुह्यानं!"

एकदा माझा बॉल थेट तिच्या ढिगात गेला. "फोड वांगे, फोड! भरीत खायले तुह्याच घरी येतो!" सगळा बाजार हसला, आणि मीही. बाई शांतपणे म्हणाल्या, "हसून घे. हसणं संपलं, की मग फेक." पुढे हे वाक्य आमच्या अंगवळणीच पडलं.

बुलढाण्याला आम्ही दणकून हरलो. पळायची सवयच नव्हती. समोरच्या मुली वाऱ्यासारख्या येत आणि खांबासारख्या उभ्या असलेल्या आम्हाला धडकत. फाउल होई. मग आमच्यातली एक रेषेवर जाई. माझी पाळी आली तेव्हा कडेचा एक पोरगा ओरडला, "ए वेणीवाली, घरी जाऊन पोळ्या लाट!" गंगूमावशीपुढे तो अगदीच कच्चा होता. मला हसू आलं. हसून घेतलं, मग टाकला. त्या दिवशी आमचा एकही फ्री थ्रो हुकला नाही. बाकी काहीच जमलं नाही.

परतल्यावर शाळेच्या पायरीवर हेडमास्तरांनी बॉल मागितला. सामना त्यांनी स्वतः पाहिला होता. बाईंनी बॉल लगेच दिला आणि म्हणाल्या, "सर, उभ्यानं जेवढं होते तेवढं पोरींनी सारं केलं. एक तरी चुकली का? हरल्या त्या पळता येत नव्हतं म्हणून. आता पळू द्या."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणून झालं त्यांचं. सारा बाजार ह्या पोरींले सारं म्हणून बसला. आता उरलं काय?"

हेडमास्तरांनी बॉल हातात एकदा फिरवला. मग तो त्यांनी बाईंकडे परत दिला. माझ्या पत्रकात पाच मागण्या होत्या. बाईंची एकच होती. पुढच्या बाजारी आम्ही पळालो. गंगूमावशी तराजू सोडून उठली. "पळ वं माय, पळ! थांबू नोको!"

दोन वर्षांनी बाईंची बदली संग्रामपूरकडच्या एका शाळेत झाली. एस. टी.त बसवून देताना मी उत्साहानं म्हटलं, "बाई, तिथल्या मैदानाला पक्की भिंत आहे म्हणे." बाईंचा चेहरा उतरला. "तेच तं वाईट आहे ना. पोरींले चिडवायले कोण येईन?"

मी अजून पत्रकं लिहिते. भिंती पाडा, असं त्यात हमखास असतं. पण बाईंच्या बदलीनंतर वर्षभरानं तिकडून आलेल्या एका मुलीनं सांगितलं होतं, की भिंत आहे तशीच आहे. पण बाजाराच्या दिवशी मैदानाचं फाटक सताड उघडं असतं आणि बाई स्वतः दारात उभ्या राहून भाजीवाल्यांना आत बोलावतात.