घरची गाडी

खुबवाडीचा रेल्वे हॉल्ट म्हणजे पत्र्याची शेड, एक बाकडं, पिवळी पाटी आणि तिकिटाची खिडकी. आणखी काही शोधू नका, नाहीच. पण लालासाहेबांसमोर कुणी हॉल्ट म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "टेसन म्हणा. आमच्या आज्यानं जमीन दिलीया ह्याला," असं ते ठणकावायचे.

रूळ पडले तेव्हा जमीन आज्याची गेली, हे खरं. तेव्हाच्या गोऱ्या साहेबानं हात हातात घेऊन दुभाष्याकरवी सांगितलं होतं, "गाडी तुमचीच समजा." साहेब हे पुढच्या गावाला पोचेपर्यंत विसरला असेल. खुबवाडीनं मात्र शब्द गाठीला बांधला. धाकटी लाईन जाऊन मोठी आली, कोळशाचं इंजिन गेलं, डोक्यावर विजेच्या तारा आल्या, पण गावच्या माणसानं तिकीट म्हणून काढलं नाही. सांगलीहून परतणारा 'घरच्या गाडीनं आलो' म्हणायचा. खिडकीवर कमिशनवर बसणारे लालासाहेब तिकीट फाडायचे ते फक्त पाहुण्यांना. फौजेतून रिटायर होऊन आलेल्या तानाजीनं एकदा सवयीनं नोट पुढं केली, तर लालासाहेब रुसले. "गाव सोडलंस का रं?" म्हणाले. तानाजीनं ओशाळून नोट खिशात घातली.

लालासाहेबांची नात सृष्टी सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात शिकत होती. तिचा बाप, म्हणजे लालासाहेबांचा मुलगा वीरधवल हट्टी, त्याची अट एकच होती. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं घरात. होस्टेलचं नाव काढायचं नाही. एसटीचा फाटा लांब, तिथं एकटी पोर पाठवायची नाही. लालासाहेबांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "गाडी हाय तवर पोरीचं शिक्षान हाय. मी बसलोय की टेसनात."

आणि एक दिवस वरून हुकूम आला. पहिल्या तारखेपासून गाडी खुबवाडीला थांबणार नाही.

गाव शिष्टमंडळ घेऊन रेल्वेच्या साहेबाकडं गेलं. साहेब भला माणूस होता, चहा मागवला त्यानं. म्हणाला, "तुमच्या गावातून कुणी प्रवासच करत नाही हो."

"आवं साहेब, समदं गाव जातंय," तानाजी फुशारकीनं म्हणाला. "रोज डबा भरतोय आमचा."

"मग तिकिटं?"

सगळ्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. त्यांना तोंड वर करवेना. "घरची गाडी हाय, साहेब," ते कसंबसं म्हणाले.

साहेब हसला असता तरी परवडलं असतं. तो हसला नाही. "आजोबा, आमच्या लेखी तुमच्या गावात माणसंच नाहीत," एवढंच म्हणाला.

परतताना लालासाहेबांना कुणी बोल लावला नाही. त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. घरी सृष्टी जवळ बसून म्हणाली, "माझा पास काढला असता तर एक तरी माणूस दिसलं असतं, न्हाई का आजोबा?" टोमणा नव्हता तो, पोर खरंच विचारत होती. लालासाहेबांना जेवण गेलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी खिडकीपुढं रांग लागली. काय म्हणावं या गावाला! जन्मात तिकीट न काढलेली माणसं लाजत नोटा पुढं करत होती. दगडाबाईला तर कुठं जायचंच नव्हतं, तरी तिनं सांगलीचं काढलं. लालासाहेब भराभरा तिकिटं देत होते. डोळे भरत होते. सृष्टी म्हाताऱ्यांना पुढं सोडत सोडत सगळ्यात मागं राहिली.

तिची पाळी आली तेव्हा गाडीचा भोंगा वाजला.

"सांगलीचं एक द्या, आजोबा."

लालासाहेबांनी खणात हात घातला. सगळा खण चाचपला. "संपली गं पोरी," ते म्हणाले.

"असू द्या. घरचीच गाडी हाय की," म्हणत ती पळाली आणि डब्यात चढली.

दुसऱ्या दिवसापासून वीरधवलनं तिचं कॉलेज बंद केलं. फलटणचं स्थळ बघायला येणार होतं. लालासाहेब कुणाला काय सांगणार? विकलेल्या तिकिटांचा हिशेब वर गेला होता. त्या हिशेबात सगळं गाव होतं, घरी बसलेली दगडाबाईसुद्धा होती. साहेबाच्या लेखी सृष्टी तेवढी त्या दिवशीही कुठं गेली नव्हती.